हर्मन्सबर्ग: लाल वाळवंटातलं चुन्याचं गाव नीट कसं बघावं

पहिल्या खेपेला मी मध्य ऑस्ट्रेलियातलं हर्मन्सबर्ग चाळीस मिनिटांत उरकलं होतं. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, पत्र्याची छपरं, एक बुटकं चर्च, दोन-चार खजुराची झाडं. फोटो काढले, चहा प्यायलो, गाडीत बसलो. ॲडलेडला परतल्यावर मित्रांना सांगितलं, "काही विशेष नाही तिथे."

दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती. तिचं माहेर माण तालुक्यातलं, त्यामुळे कोरड्या मुलखात उतरल्यावर तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "इथे पाणी कुठून आणायचे रे?" मला उत्तर देता आलं नाही. त्या एका प्रश्नापायी आम्ही तिथे साडेतीन तास काढले, आणि मी पहिल्या वेळी काय काय बघितलंच नव्हतं ते कळलं. उलुरूला, म्हणजे वाळवंटातला तो प्रचंड लाल खडक बघायला, जाणारे मराठी लोक हल्ली पुष्कळ आहेत, पण तिथून ॲलिस स्प्रिंग्जला येऊन आणखी पश्चिमेला जाणारे थोडे. त्या थोड्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका, कारण तिच्याशिवाय तिथे नुसत्या भिंती दिसतात

हर्मन्सबर्ग ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, ॲलिस स्प्रिंग्जपासून साधारण १३० किलोमीटर पश्चिमेला, फिंक नदीच्या काठी आहे. जागेचं मूळ नाव न्तारिया. ही पश्चिम अरंडा या आदिवासी लोकांची भूमी. हर्मन्सबर्ग हे नाव जर्मनीतल्या एका गावाचं. तिथल्या लुथरन (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) मिशन संस्थेने हर्मन केम्पे आणि विल्हेल्म श्वार्झ या दोघांना इकडे धाडलं. ऑक्टोबर १८७५ मध्ये ते दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यातल्या बेथनीहून घोडे, गुरं, मेंढ्या घेऊन निघाले आणि जून १८७७ मध्ये इथे पोचले. वीस महिने! वाटेत दुष्काळाने त्यांना डॅलहौसीच्या झऱ्यांपाशी कित्येक महिने अडकवून ठेवलं. आज तेच अंतर विमानाने दोन तासांचं आहे, आणि बेथनीत लोक वाइन चाखायला जातात.

पहिले बाप्तिस्मे व्हायला १८८७ उजाडलं. १८९१ पर्यंत मिशनऱ्यांनी हात टेकले आणि ते निघून गेले. १८९४ मध्ये कार्ल स्ट्रेलो नावाचा बावीस वर्षांचा जर्मन पाद्री आला आणि १९२२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, राहिला. पुढे १९२६ पासून एफ. डब्ल्यू. आल्ब्रेख्ट यांनी पंचवीसहून अधिक वर्षं कारभार पाहिला. १९८२ मध्ये ही जमीन तिच्या मूळ मालकांना परत मिळाली, आणि २००६ मध्ये जुन्या आवाराला राष्ट्रीय वारशाचा दर्जा. आज गावात पाच-सहाशे लोक राहतात. शाळा आहे, दवाखाना आहे, फुटबॉलचं मैदान आहे. आपण जे बघायला जातो ते या गावाच्या मधोमध उभं असलेलं जुनं मिशनचं आवार. हे डोक्यात पक्कं ठेवून गेलं की पुढची निम्मी चुकामूक टळते.

कधी जायचं

मे ते ऑगस्ट उत्तम, एप्रिल आणि सप्टेंबर चालेल. डिसेंबर-जानेवारीत पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा जाऊ नका, मग तिकीट कितीही स्वस्त असो. जून-जुलैत दुपारी छान वीस-बावीस अंश असतं, पण रात्री तापमान शून्याच्या खाली उतरतं. "वाळवंट आहे, काय थंडी असणार" म्हणून आईने स्वेटर बॅगेच्या तळाशी टाकला होता. पहिल्या सकाळी तोच शोधण्यात अर्धा तास गेला. पुण्याची थंडी नव्हे, महाबळेश्वरची धरून चाला आणि वर एक जाड जॅकेट ठेवा.

माश्यांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते. ती घालून माणूस विनोदी दिसतो. तरी घ्या. थंडीत माश्या कमी असतात, सप्टेंबरनंतर मात्र त्या डोळ्यांच्या कडांशीच बसायला येतात.

ॲलिसपर्यंत

भारतातून येणाऱ्यांना पर्यटक व्हिसा लागतो, तो ऑनलाइन अर्जाने मिळतो. भारतातून ॲलिसला थेट विमान नाही; सिडनी, मेलबर्न, ॲडलेड किंवा डार्विनहून देशांतर्गत विमान घ्यायचं. घड्याळ भारताच्या चार तास पुढे, आणि इथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे हिशेब वर्षभर सोपा. उलुरू ॲलिसच्या शेजारी आहे असं समजणारे बरेच भेटतात. रस्त्याने ते साडेचारशे किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईहून निघून सोलापूर ओलांडल्यासारखं, आणि मध्ये गाव म्हणावं असं फारसं काही नाही.

खाऊबद्दल: घरून लाडू, लोणचं, मसाले आणत असाल तर विमानतळावरच्या कार्डावर सगळं लिहून द्या. लिहिलेली वस्तू ते बघतात, बहुतेकदा परत देतात, फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड घसघशीत असतो. आईच्या तिळाच्या चटणीची पुडी अधिकाऱ्याने तीनदा हुंगून परत दिली होती.

गाडी: इथे पैसे वाचवताना करार वाचा

हर्मन्सबर्गला सार्वजनिक बस नाही. एक तर ॲलिसहून निघणारी सहल घ्या, नाहीतर गाडी भाड्याने घ्या. ऑस्ट्रेलियात गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना पर्यटकाला चालतो, त्यामुळे अर्धी भीती तिथेच संपते.

उरलेल्या अर्ध्यासाठी करारातल्या चार गोष्टी पाहा. एक, किलोमीटरची मर्यादा. ॲलिसमधल्या बऱ्याच करारांत दिवसाला शंभर किलोमीटरच मोफत असतात आणि जाऊन-येऊनच २६० होतात. पहिल्या वेळी मी हे वाचलं नव्हतं. गाडी परत करताना काउंटरवरच्या मुलीने शांतपणे जादा किलोमीटरचं बिल पुढे सरकवलं, आणि चूक माझीच असल्याने भांडायलाही जागा नव्हती. दोन, डांबरी नसलेल्या रस्त्यावर साध्या गाडीला मनाई असते; उतरवलीत तर विमा गेला. तीन, शहराबाहेर सूर्यास्तानंतर चालवल्यास पुष्कळ करारांत विमा लागू होत नाही. चार, सुटं चाक खरोखर आहे का आणि त्यात हवा आहे का, ते तिथल्या तिथे डिकी उघडून बघा.

हर्मन्सबर्गपर्यंतचा लारापिंटा ड्राइव्ह पूर्ण डांबरी आहे. तेवढंच करायचं असेल तर लहान गाडी पुरते. पाम व्हॅलीला जायचं असेल तरच उंच चाकांची फोर-व्हील ड्राइव्ह घ्या.

ॲलिसमधली एक दुपार

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती. हर्मन्सबर्गच्या आदल्या दिवशी दुपारी ॲलिसमधल्या अराल्युएन कला केंद्रात जा आणि आल्बर्ट नमतजिराची चित्रं बघा.

नमतजिरा १९०२ मध्ये हर्मन्सबर्गलाच जन्मला. उंट हाकले, 'मल्गा' नावाच्या झाडाच्या लाकडावर जाळून नक्षी काढणं, बूमरँग रंगवणं अशी कामं केली. १९३४ मध्ये रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर हे दोन चित्रकार मिशनमध्ये आले आणि त्यांनी गावकऱ्यांसाठीच प्रदर्शन मांडलं. नमतजिराने ते पाहिलं आणि हे आपल्यालाही जमेल असं ठरवलं. १९३६ मध्ये बॅटरबीला त्याने आपला मुलूख फिरवून दाखवला, बदल्यात जलरंग शिकून घेतले. शिकायला दोनच महिने. १९३८ मध्ये मेलबर्नला पहिलं प्रदर्शन झालं आणि सगळी चित्रं विकली गेली.

ही चित्रं आधी बघायची ती अशासाठी: जांभळे डोंगर, पांढऱ्याफेक खोडांची झाडं, केशरी माती बघून वाटतं, गड्याने रंग जरा सढळ हाताने वापरलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून तेच डोंगर तसेच जांभळे दिसतात. आई म्हणाली, "अरे, हे तर कालचंच चित्र." चित्र आधी आणि डोंगर नंतर, हा क्रम उलटा केला तर ही मजा जाते.

वेळ असेल तर त्याच्या घराण्यातले आणि परंपरेतले चित्रकार जिथे आजही जलरंगात काम करतात, ते इल्त्या न्तारा हे कला केंद्रही ॲलिसमध्येच आहे. नमतजिराचा पणतू व्हिन्सेंट याने २०२० मध्ये व्यक्तिचित्रासाठीचा ऑस्ट्रेलियाचा मानाचा आर्चिबाल्ड पुरस्कार मिळवला. तो मिळवणारा तो पहिला आदिवासी चित्रकार.

निघायची सकाळ

आदल्या संध्याकाळी सुपरमार्केटमधून माणशी चार-पाच लिटर पाणी, फळं, पाव, चीज घ्या. शाकाहारी असाल तर जेवण बरोबर न्यायचंच. गावातल्या दुकानात उपाशी राहणार नाही, पण निवडीला वाव नाही. पेट्रोल ॲलिसमध्येच पूर्ण भरा. वाटेतल्या आणि गावातल्या पंपांवर 'ओपल' नावाचं इंधन दिसेल. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनावर उपाय म्हणून ते तयार केलेलं आहे; साध्या अनलेडेड गाडीत ते बिनदिक्कत भरा.

एक फोन करायचा: मिशनचं आवार त्या दिवशी उघडं आहे ना, किती ते किती, आणि चहाचं दुकान चालू आहे ना. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि गावात कुणाचं निधन झालं असेल तर सगळं बंद राहू शकतं. अशा वेळी कुरकुर न करता दुसरा दिवस धरावा.

साडेआठला निघा. उजाडताना आणि मावळताना कांगारू, मोकाट गुरं, घोडे, क्वचित उंट रस्त्यावर येतात. उंटांचं आश्चर्य वाटेल. १८६६ मध्ये थॉमस एल्डर यांनी कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांना हाकणारे लोक आणले. त्या लोकांना इथे सरसकट 'अफगाण' म्हणत, जरी त्यांतले कित्येक तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातले होते. मोटारी आल्यावर उंट सोडून दिले गेले, ते रानात वाढले. म्हणजे समोर आडवा आलेला उंट एका परीने आपल्याकडचाच, पण हॉर्नला दाद देत नाही.

शहर सोडल्यावर सात किलोमीटरवर जॉन फ्लिन यांची समाधी लागते. दुर्गम वस्त्यांवर विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचे हे जनक. समाधीवर मोठा गोल दगड आहे. मुळात तिथे उत्तरेकडच्या कार्लू कार्लू या पवित्र ठिकाणाहून, तिथल्या लोकांना न विचारता उचललेला दगड ठेवला होता. अनेक वर्षांच्या मागणीनंतर १९९९ मध्ये तो परत गेला आणि अरंडा लोकांनी आपल्या भूमीतला दुसरा दगड दिला. पाच मिनिटं थांबा. पुढे दिवसभर जे बघायचं आहे त्याची ही चांगली सुरुवात आहे.

पुढे रस्ता फुटतो. उजवीकडचा नमतजिरा ड्राइव्ह ऑर्मिस्टन आणि ग्लेन हेलनच्या घळींकडे जातो, आपण डावीकडे लारापिंटावरच राहायचं. मोबाइलची रेंज लवकरच जाते. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही; सावलीत, गाडीजवळ थांबायचं. हा नियम इथे लहान मुलालाही पाठ असतो.

आवारात: इथे वेळ द्या

प्रवेशाला थोडं शुल्क आहे, नकाशा मिळतो. वेगळा परवाना लागत नाही. आता माझा क्रम सांगतो, तो नकाशावरचा नाही.

आधी कुठल्याही इमारतीत शिरू नका. बाहेरून भिंतींजवळून चाला. दगड जवळपासचाच, वर चुन्याचा हात. भिंत चांगली जाड आहे, खिडकी आत खोल गेलेली. आईने तळवा टेकवला तर पांढरी भुकटी हाताला आली. आत पाऊल टाकल्यावर ती म्हणाली, "माजघरासारखं गार आहे." जर्मन शेतकऱ्याची घर बांधायची रीत आणि आपल्याकडची जुन्या घरांची, दोन्हीकडे उन्हाला उत्तर एकच: जाड भिंत, लहान खिडकी, पुढे पडवी.

मग चर्च. ते १८९६-९७ मधलं. आत कोरीव काम वगैरे काही नाही, साधे बाक, साधं व्यासपीठ. इथे बसायचं ते भाषेसाठी. केम्पेने अरंडा भाषेचं व्याकरण लिहिलं, स्तोत्रं रचली. स्ट्रेलोने बायबलचा नवा करार अरंडात नेला. जर्मन चाली, अरंडा शब्द. आज ही स्तोत्रं मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी महिलांचं गायकवृंद गातं, आणि २०१५ मध्ये या बायका तीच गाणी घेऊन जर्मनीला जाऊन आल्या. ज्या चाली जर्मनीतून आल्या त्या परत तिथे जाऊन ऐकवल्या! स्ट्रेलो इथे स्थिरावत होता त्याच सुमारास, १८९५ मध्ये, मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला ख्रिस्ती भक्ती अभंग-ओव्यांत आणली. तिथे चाली देशी झाल्या, इथे शब्द. हा फरक चर्चच्या बाकावर बसून मनात घोळवायला छान आहे.

चर्चमध्ये आणखी एका माणसाची आठवण काढा: मोझेस त्जालकाबोता. तरुणपणी दृष्टी गेलेला हा अरंडा माणूस गाढवावरून, पायी, हाताला धरून नेणाऱ्याच्या भरवशावर वाळवंटातल्या वस्त्या-वस्त्यांवर प्रवचनं करत फिरला. १९५४ मध्ये तो वारला. हर्मन्सबर्गची गोष्ट जर्मन नावांनीच सांगितली जाते. प्रत्यक्षात धर्म इथे रुजवला तो अशा लोकांनी.

त्यानंतर स्ट्रेलोचं घर. चहाचं दुकान इथेच. इथलं ॲपल स्ट्रूडल प्रसिद्ध आहे, आणि प्रसिद्धी रास्त आहे. सफरचंदाची पातळ पापुद्र्यांतली वळकटी, वर क्रीम. दोघांत एक पुरते. खाता खाता या घरातल्या माणसाचा विचार करा. स्ट्रेलोने अरंडांच्या कथा, गीतं, नातेसंबंध इतक्या बारकाईने नोंदवले की ते १९०७ ते १९२० दरम्यान फ्रँकफर्टला सात भागांत छापले गेले. पण ज्या विधींची गाणी तो शब्दन् शब्द उतरवून घेत होता, ते विधी बघायला तो कधी गेला नाही. पाद्र्याने तिथे जाणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. पत्नी फ्रीडाने तान्ह्या मुलांच्या संगोपनाचं काम याच आवारात केलं. ऑक्टोबर १९२२ मध्ये स्ट्रेलोचं अंग पाण्याने सुजलं. खुर्चीत बांधून, घोडागाडीवर, फिंकच्या कोरड्या पात्राच्या कडेने त्याला रेल्वेकडे नेत होते. हॉर्सशू बेंडला तो गेला. बरोबर चौदा वर्षांचा मुलगा होता, टेड. तोच पुढे अरंडा गीतांचा मोठा अभ्यासक झाला.

लोहारखाना, शाळा, मांस ठेवायची खोली, कातडी कमावायची जागा हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं. कातडं कमावण्यावर जरा रेंगाळा. मिशनला स्वतःच्या पायावर उभं करायच्या आल्ब्रेख्टच्या धडपडीचा तो भाग होता.

आता आईचा प्रश्न. १९२० च्या दशकाच्या शेवटी इथे भीषण दुष्काळ पडला. भाजीपाला नाही, फळं नाहीत. स्कर्व्हीने माणसं मेली, त्यात लेकरं फार. काही किलोमीटरवर कापोरिल्या नावाचा जिवंत झरा होता, पण पाणी इथवर आणायला नळ हवेत आणि नळांना पैसे. मेलबर्नच्या व्हायलेट आणि ऊना टीग या बहिणींनी चित्रांचं प्रदर्शन भरवून पैसे उभे केले, अरंडा पुरुषांनी हाताने चर खणले, आणि १९३५ मध्ये पाणी गावात आलं. मग बागा झाल्या. पाणी आल्याचा तो दिवस गाव अजून साजरा करतं. आई हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे टँकर आला की बाया असंच करायच्या."

आणि हे सगळं गोड आहे असं समजू नका. मिशनने आसरा दिला, हे खरं. १८८० च्या दशकात गुरांचे मळेवाले आणि पोलीस आदिवासींना गोळ्या घालत होते. मिशनऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. विल्यम विलशायर या पोलिसावर १८९१ मध्ये खुनाचा खटला चालला, तो सुटला. पण त्याच आवारात मुलांना आईबापांपासून वेगळं वसतिगृहात झोपवत, विधींना मनाई करत, आणि शिधा हा नियम पाळण्याशी बांधलेला असे. वसतिगृहाच्या खोलीत शिरलात की हे आठवा. भिंतीवरचे फलक याबद्दल जरा हळू आवाजात बोलतात, असं माझं मत.

गावात कसं वागायचं

आवाराच्या बाहेर लोकांची घरं आहेत. आपल्या आळीत कुणी परका कॅमेरा घेऊन फिरला तर जसं वाटेल तसंच इथे. माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मृत व्यक्तीचं नाव घेणं, फोटो दाखवणं अनेक कुटुंबांना दुखावतं, म्हणून दिवंगतांविषयी समोरच्याने विषय काढला तरच बोला. डोळ्याला डोळा भिडवून प्रश्नांची सरबत्ती करणं हे इथे उद्धटपणाचं. शेजारी बसावं, गप्प राहावं, उत्तर आलं तर आलं.

दारू गावात न्यायला बंदी आहे, डिकीतली बंद बाटलीसुद्धा. सीमेवर मोठा फलक आहे, दंडही मोठा आहे.

खरेदी करायची तर मडकी घ्या. १९९० पासून गावातल्या अरंडा बायका हाताने टेराकोटाची भांडी घडवतात, त्यावर आपल्या मुलखाची दृश्यं रंगवतात आणि झाकणावर पक्षी, सरडा, कांगारू बसवतात. कार्यशाळेला भेट द्यायची तर आधी कळवून जायचं. कलावंताचं नाव लिहिलेलं प्रमाणपत्र मागून घ्या. किंमत बघून घासाघीस करायची सवय मात्र गाडीतच ठेवा. आईने तोंड उघडलं होतं, मी कोपराने थांबवलं.

गावापासून पश्चिमेला थोड्या अंतरावर नमतजिराने १९४० च्या दशकात बांधलेलं दोन खोल्यांचं घर आहे. रिकामं, छोटं. ज्याची चित्रं देशभर दिवाणखान्यांत लटकत होती, ज्याला इंग्लंडच्या राणीला भेटवलं, त्याला ॲलिसमध्ये घरासाठी जागा घेऊ दिली नव्हती. १९५७ मध्ये त्याला नागरिकत्व दिलं, त्यामुळे इतर आदिवासींना मनाई असलेली दारू त्याला विकत घेता येऊ लागली. ती नातलगांना दिल्याबद्दल १९५८ मध्ये शिक्षा झाली. दोन महिने स्थानबद्धता भोगून तो बाहेर आला आणि ऑगस्ट १९५९ मध्ये गेला. चित्रांचे हक्क १९८३ मध्ये परस्पर विकले गेले होते, ते २०१७ मध्ये कुटुंबासाठीच्या विश्वस्त निधीकडे आले, एका डॉलरला. हे वाचून मग त्या दोन खोल्यांसमोर उभे राहा.

पुढे जायचं का

फोर-व्हील ड्राइव्ह असेल आणि ती खरोखर चालवता येत असेल तर पाम व्हॅली. रस्ता फिंकच्या पात्रातूनच जातो, रेती आणि दगड. वीस-एक किलोमीटरला एक तास धरा. लाल घळीत अचानक ताडासारखी उंच पाम झाडं उभी असतात. त्यांचे जवळचे भाऊबंद हजारएक किलोमीटर उत्तरेला. जनुकीय अभ्यासाने हे दोन गट साधारण १५ हजार वर्षांपूर्वी वेगळे झाल्याचं दाखवलं, आणि बिया माणसांनी आणल्या असाव्यात अशी शक्यता पुढे आली. उत्तरेकडून देवांनी बिया आणल्याची अरंडा कथा स्ट्रेलोने कितीतरी आधी लिहून ठेवली होती. उद्यानासाठी टेरिटरीचा पार्क पास ऑनलाइन काढा. गाडी चालवायचा भरवसा नसेल तर सहल घ्या. रेतीत रुतलेली भाड्याची गाडी बाहेर काढायचा खर्च सहलीच्या कित्येक पट होतो.

पश्चिमेला मेरीनीमार्गे किंग्ज कॅन्यनला जाता येतं. त्यासाठी परवाना लागतो, तो ॲलिसच्या पर्यटक केंद्रात किंवा हर्मन्सबर्गच्या पंपावर मिळतो. रस्त्यात मुक्काम करता येत नाही. पाऊस झाला असेल तर विषय सोडा. निघण्याआधी टेरिटरी सरकारचा रस्त्यांचा ताजा अहवाल बघायचा.

परतताना

जूनमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेतीनला गावातून निघाच. गावाबाहेर रस्त्यालगत नमतजिराचं लाल दगडी स्मारक आहे, तिथे दहा मिनिटं. मग मध्ये न थांबता ॲलिस. डोंगर तेव्हा उजळायला लागलेले असतात आणि थांबायचा मोह होतो. चालकाने मोह टाळावा, बाकीच्यांनी काचेतून बघावं.

दुसऱ्या दिवशी विमानाआधी तासभर असेल तर ॲलिसच्या दफनभूमीत नमतजिराची कबर आहे. तिच्या शिळेवर टेराकोटाचं चित्र बसवलेलं आहे, हर्मन्सबर्गच्या त्याच कुंभार बायकांनी घडवलेलं. त्यात त्याची नातही होती.

मडकं घेतलं असेल तर ते सामानात टाकू नका, हातात न्या. आईने तिचं मडकं जुन्या सुती साडीत गुंडाळलं होतं. सुरक्षा तपासणीत बाईंनी ते उलगडायला लावलं, झाकणावरचा पोपट कौतुकाने बघितला आणि आत काय आहे विचारलं. आई माझ्याकडे बघायला लागली. झाकण उघडलं. आत तिळाच्या चटणीची तीच पुडी होती.